वेशीपासून मोरीपर्यंत

मिलिंदा,

तुझ्या जलदान विधीला मी बोललो. विहारात माणूस मावत नव्हतं. कारखान्याच्या शेतकी खात्यातले साहेबसुद्धा आले होते. सगळे म्हणाले, भास्कर, तू त्याचा जिगरी, तूच बोल. मी उभा राहिलो आणि सांगितलं की मिलिंद लई हुशार होता, शांत होता, कधी कुणाला उलटून बोलला नाही. लोकांनी डोळे पुसले. मी खाली बसलो आणि मला माझाच असा राग आला की वाटलं, उठून सगळं परत खरं खरं सांगावं. हुशार? गणितात तू माझ्यापेक्षा ढ होतास. शांत? मला तर रोज फैलावर घ्यायचास. 'भास्कऱ्या, तुझं तोंड म्हंजी सायलेन्सर गळालेली फटफटी,' हे तुझंच ना? त्या दिवशी जे बोलायला पाहिजे होतं ते सोडून बाकी सगळं बोललो. म्हणून आता लिहितोय. तुला जाऊन सव्वा महिना झाला.

तुला चिटबॉयची नोकरी लागली तेव्हापासून सुरू करतो. ढोकीच्या बाजूची पंधरा गावं तुझ्याकडं. कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायची. सायकलवर ते होणारं नव्हतं. साहेबांनी सांगितलं, महिन्याभरात गाडी घे. तू माझ्याकडं आलास, कारण मला गाड्यांतलं कळतं असा गावात बोभाटा होता. तो बोभाटा मीच केला होता. कळत होतं ते एवढंच की बार्शीच्या मामाची फटफटी मी दोन दिवाळ्या चालवली होती, तीपण मामा दुपारचा झोपल्यावर.

लातूरला हमीदचाचांच्या गॅरेजात दोन जुन्या गाड्या विकायला होत्या. एक काळी, थोराड, टाकीवर सोनेरी रेघ. किक मारली की छातीत धडधड व्हायची. दुसरी लाल, हलकी, बारीक आवाजाची. मी काळीला हात लावूनच सांगितलं, 'हीच घ्यायची. हिच्यावर बसून आलास तर अख्खा गाव उठून बघंल.' तू तिच्यावर बसलास तर तुझे नुसते चवडे जमिनीला लागत होते. मी म्हणालो, गाडीवर काय पाय टेकायला बसतेत व्हय? तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. चाचांना म्हणालास, 'चाचा, म्या पैल्यांदाच घेतोय. मला यातलं कायबी येत न्हाय. तुमीच सांगा.'

मला तेव्हा लाज वाटली. 'येत नाही' असं कुणी दुकानात म्हणतं का? पण तुझं तसंच. जे येत नाही ते येत नाही म्हणायचं आणि शिकून घ्यायचं. माझ्यात ते नाही, अजून नाही.

चाचांनी काळी गाडी सरळ मातीत आडवी केली. म्हणाले, 'उठाव.' तू जोर लावलास. गुडघ्यापर्यंत आली आणि परत बसली. मी दात काढले. मग चाचांनी लाल गाडी आडवी केली. ती तू पाठ लावून, हँडल धरून एका दमात उभी केलीस. चाचा म्हणाले, 'जिसकू गिरी हुई गाडी उठाने नै आती, उसने वो गाडी लेना नै.' झालं, माझी काळी गेली. तू लालच्या टाकीवर हात फिरवत राहिलास.

तरी लगेच घेतली नाहीस. चाचा म्हणाले होते की आत्ता इंजन गरम आहे, गरम गाडी कुणाच्याबी लाथेनं सुरू होते, सकाळी थंडी असताना येऊन बघ. तर तू दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मला परत लातूरला नेलंस. मी वाटभर शिव्या घातल्या. तू दोन किकांत गाडी चालू केलीस, चाक हलवून बघितलंस, ब्रेक दाबून ढकलून बघितलास, आणि मग एवढा मोठा श्वास सोडलास. तसा तुझा चेहरा मी मॅट्रिकच्या निकालालापण पाहिला नव्हता.

गाडी घेतली की गाव गाठायचं, असा माझा हिशेब. तुझा वेगळा. चाचांनी तुला सांगितलं होतं, 'गाडी टूटी तो मेरेकने लाव. सर टूटा तो किसकने लेजाते?' ते तुझ्या डोक्यात बसलं. लातूरच्या त्या दुकानात हेल्मेटं तीनच होती, धूळ खात पडलेली. तू एकेक घालून मुंडी गदागदा हलवलीस. पहिलं डोक्याच्या मागं राहिलं, म्हणजे मोठं. दुसऱ्यानं कानशिलं दाबली. तिसरं डोक्याबरोबर फिरलं. पांढरं, पुढं काच असलेलं. ते घालून तू अर्धा तास स्टुलावर बसलास, कुठं टोचतंय का बघायला. दुकानदार म्हणाला, 'घेनार हायसा का हितंच ऱ्हानार हायसा?' मी हसून हसून पायरीवर बसलो.

मग घोट्याच्या वर येणारे बूट. जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट. फुफाट्यासाठी गॉगल. आणि रेनकोट! मिलिंदा, तीन वर्षं आपल्याकडं धड पाऊस नाही, विहिरींचे तळ दिसतायत आणि हा गडी रेनकोट घेतोय. मी म्हणालो, ह्याचं काय आता, लोणचं घालणार? तू म्हणालास, 'घेतला की पडतोय बघ.' कुठला पडतो! तुझी आई त्याच्यावर अजून ज्वारी वाळवते.

मी कधी हेल्मेट घातलं नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, झालं. तू म्हणायचास, तुझ्या डोक्यात जपायसारखं काय न्हाईच म्हणून चालतंय.

शिकलास तू आपल्या पाझर तलावात. कोरडा ठाक पडलेला, सपाट, पडलं तरी मातीच. मी मागं बसून ओरडायचो, क्लच सोड, हळू सोड. तू भसकन सोडायचास आणि आपण दोघं आडवे. एकदा गाडी तुझ्या पायावर पडली. बूट नसते तर घोटा गेला असता. माझ्या पायात चप्पल होती, माझं नख निघालं. तू गाडी आधी उभी केलीस, चाचांनी शिकवल्यासारखी, आणि मग माझ्या पायाला रुमाल बांधलास. ते आठ दिवस मला माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस वाटतात. आपल्या दोघांत शिकवणारा मी असेन असं ते एकदाच झालं.

आता पारावरचं लिहितो.

तुमच्या वस्तीतून हमरस्त्याला जायचं तर वेशीतूनच जावं लागतं. वेशीला लागून पार. पारावर बसलं की वेशीपासून खाली ओढ्याच्या मोरीपर्यंतचा सगळा उतार दिसतो. आमचे आण्णा आणि त्यांच्या वयाची माणसं तिथं सकाळ-संध्याकाळ. तुझ्या आजोबांच्या वेळेला पारापुढून जाताना तुमच्या माणसांनी पायातलं हातात घ्यायचं. तुझे वडील सायकलवरून उतरून जायचे. तू उतरणार नाहीस हे आपण आधीच ठरवलं होतं, आणि त्याला माझी पूर्ण साथ होती. तेवढ्यावर मी स्वतःला लई सुधारक समजायचो. आमच्या ओसरीवर तुझा कप वेगळा ठेवलेला असायचा आणि तो तूच विसळून पालथा घालायचास. त्यावर मी कधी अवाक्षर काढलं नाही. तूपण नाही. आपण दोघं त्या कपाकडं न बघता चहा प्यायचो.

पहिल्याच आठवड्यात ते घडलं. कारखान्याकडून कुणी साहेब येणार अशी आवई होती. पांढरं हेल्मेट, काच खाली, खाकी शर्ट, बूट, काखेत चामडी पिशवी. तू वेशीतून आत आलास आणि आण्णा पारावरून उठून उभे राहिले. दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून म्हणाले, 'रामराम सायेब.' त्यांच्यामागं आणखी चारजण उठले. तू गाडी थांबवलीस. काच वर केलीस आणि म्हणालास, 'आण्णा, म्या मिलिंद. रामराम.'

मी पाराच्या कडेलाच होतो. तुझ्या बोलण्यात एका केसाचापण टोमणा नव्हता, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. पण मागून कुणीतरी फिस्कन हसलं. 'आण्णा, मिल्याला मुजरा घातला की वो!' आण्णा खाली बसले. त्या रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीपण नाही. आईला म्हणाले, 'त्यानं मला उभा केला.' मग मला म्हणाले, 'तुझ्या दोस्ताला सांग. गावात शिरताना तोंड दाखवून शिरायचं. ते डेचकं काढायचं.'

मी सांगायला आलो. तू दारात गाडी पुसत होतास.

'मिल्या, एक काम कर. वेशीपाशी ते हेल्मेट काढत जा.'

'का?'

'वळखू येत न्हाईस.'

'सगळ्या गावात लाल गाडी एकच हाय. वळखू कसा येत न्हाय?'

'आण्णा दोन दिस जेवले न्हाईत.'

'म्या काय केलं? त्यांनी रामराम घातला, म्या परत घातला.' तू फडकं खाली ठेवलंस. 'भास्कर, खरं सांग. ह्याच्यात माझ्या जागी दुसऱ्या कुणाचं डोकं असतं तर चाललं असतं का न्हाय?'

मला राग आला. खरं ऐकलं की मला राग येतो, तुला माहीत आहे. मी म्हणालो, 'तू हरेक गोष्टीत त्येच आणतूस. हेल्मेट हमरस्त्यासाठी असतंय. गावात काय फास्ट जायचंय?'

'वेशीच्या भाईर उतार हाय.'

'मग हळू जा. मोरीपतुर तर दिसतंय पारावरनं. मोरी आली की घाल. एवढंबी करता येत न्हाय व्हय माझ्यासाठी?'

दोस्ती मध्ये घातली मी. दुसरं काही उरलं नव्हतं ना बोलायला. तू हेल्मेटचा पट्टा हातात घेऊन उघडलास, लावलास, उघडलास. मग म्हणालास, 'वेशीपासनं मोरीपतुर. तुझ्यासाठी. ध्यानात ठेव, आण्णांसाठी न्हाय.'

मी खुशीत घरी आलो. आण्णांना सांगितलं, मिटलं. आण्णा जेवले. कसं छान जमवून आणलं, असं मला वाटलं.

त्यानंतर दोन महिने तू शब्द पाळलास. वेस आली की थांबायचास, हेल्मेट हँडलला अडकवायचास, पारापुढून उघड्या डोक्यानं जायचास, उतार उतरायचास, मोरीवर थांबून परत घालायचास. मी घरात असलो तरी मला ऐकू यायचं. मोरीपाशी गाडीचा आवाज बारीक व्हायचा, जरा वेळ तसाच, आणि मग चढ लागला की मोठा. मला त्या आवाजाची सवय झाली होती. आपला विषय मात्र परत निघाला नाही. तू बोलत होतास, चेष्टा करत होतास, पण ओसरीवर यायचं कमी केलंस. मी विचारलं नाही.

त्या दिवशी तू आलास. दिवेलागणीला. चहा घेतलास, कप विसळून पालथा घातलास. म्हणालास, उद्या सकाळीच येरमाळ्याकडं जायचंय, आत्ता कारखान्यावरून चिठ्ठ्या आणून ठेवतो. मी वेशीपर्यंत आलो तुझ्याबरोबर. तू हेल्मेट काढलंस, अडकवलंस, माझ्याकडं बघून म्हणालास, 'बघ, काढलं.' चेष्टेनं म्हणालास का कसं, मला ठरवता येत नाही. रोज ठरवतो आणि रोज वेगळं ठरतं.

थोड्या वेळापूर्वी उसाची ट्रॉली खाली गेली होती. खचाखच भरलेली. उतारावर चार-पाच ऊस गळून पडले होते, चाकाखाली चेंदलेले. अंधार पडायला लागला होता. मला आवाज आला तुझी गाडी खाली जाताना. मोरीपाशी बारीक होईल म्हणून मी वाट बघत होतो. बारीक झाला नाही. बंद झाला.

मी पळत आलो. मोरीच्या कठड्यापासून तू दहा पावलांवर होतास. दहाच पावलं राहिली होती रे. अंगाला खरचटलेलंसुद्धा नव्हतं. पाय धड, हात धड, बुटाची लेस बांधलेली. डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर. हेल्मेट हँडलवरून निसटून ओढ्यात गेलं होतं. कोरड्या वाळूत पडलेलं. मी उचललं तर त्याला एक ओरखडा नव्हता.

तो रस्ता आपला आहे, मिलिंदा. बहात्तरच्या दुष्काळात आपण तिथं खडी फोडली होती. दहा-बारा वर्षांची पोरं आपण. माझी आई आणि तुझी आई एका ओळीत पाट्या वाहायच्या. सुकडी वाटली की आपण एकाच कागदावर घेऊन खायचो, कुणाच्या वाट्याला जास्त गेली म्हणून मारामारी करायचो. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सगळ्यांच्याच पोटात आग होती. मग पाऊस पडला, ज्वारी आली, आणि सगळे आपापल्या जागेवर जाऊन बसले. मीपण बसलो. मला ते कळलंसुद्धा नाही. तुला त्याच दिवशी कळलं असणार.

तुला उचलून ट्रॅक्टरमध्ये घातलं तेव्हा मी हेल्मेट गयामावशीकडं, तुझ्या आईकडं दिलं. ती म्हणाली, 'ह्ये त्याच्या डोक्यावर का न्हवतं?' मी म्हणालो, माहीत नाही. मिलिंदा, मी म्हणालो माहीत नाही! त्यानंतर महिनाभर रोज तुमच्या घरी गेलो, पाणी भरलं, सरपण फोडलं, कारखान्याचे कागद केले. तिनं रोज चहा दिला, घरातल्या कपात. आणि रोज मी ते न सांगता परत आलो.

काल हमीदचाचांकडून गाडी दुरुस्त होऊन आली. पुढचं चाक आणि फोर्क बदलला. चाचांनी मजुरी घेतली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. मी गाडी वस्तीत नेली, मावशीच्या दारात लावली, आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

'मावशी, हेल्मेट म्या काढायला लावलं हुतं. आण्णांपायी. पारापायी.'

ती सुपात ज्वारी पाखडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, 'म्हाईत हाय.'

'मिलिंदनं सांगितलं हुतं?'

'त्यो कशाला सांगतोय! तुझं नाव खराब हुईल की. आख्ख्या गावाला म्हाईत हाय. म्या बघत हुते, तू कवा सांगतूस.'

मग उठली. आतून हेल्मेट आणलं, पदरानं काच पुसली आणि माझ्या हातात दिलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही. मी मागितलीपण नाही. म्हणाली, 'ह्ये घाल. गाडी घे. आन् वेशीतनं जा. बघू, तुला काय म्हणतेत.'

मी घातलं. मला घट्ट होतं. कानशिलं दाबली गेली. पट्टा लावला, काच खाली केली. आतून तुझ्या तेलाचा वास आला. किक मारली, पहिल्याच किकला चालू झाली. आणि तुला खरं सांगतो, मी भांडायच्या तयारीनं निघालो होतो. कुणीतरी 'काढ ते' म्हणावं, म्हणजे मला गाडीवरून उतरून त्याची गचांडी धरता येईल. आण्णा असले तरी धरणार होतो. तीन महिन्यांपूर्वी जे बोलायला पाहिजे होतं ते सगळं माझ्या तोंडात तयार होतं.

पारावर सगळे होते. आण्णापण. सगळ्यांनी गाडी बघितली. लाल गाडी, पांढरं हेल्मेट. आण्णा अर्धे उठले, चेहरा पांढरा फटक. मी थांबलो, काच वर केली.

'आरं, आपला भास्कर हाय!' कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. सुटल्यासारखे हसले.

आण्णा खाली बसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, 'घाबरीवलंस की लेका.' मग जरा वेळानं, शांतपणे, बाप बोलतो तसं बोलले. 'पर ब्येस केलंस. आपला उतार वंगाळ हाय. घालायलाच पायजे. एवढं समदं झाल्यावर जिवाला जपाय पायजे.'

मी म्हणालो, 'आण्णा, ह्ये मिलिंदचं हाय.'

'आसंना का,' आण्णा म्हणाले. 'तुला बसतंय की.'

माझ्या तोंडातलं सगळं तोंडातच राहिलं. कुणाची गचांडी धरू? मी गाडी गिअरमध्ये घातली, उतार उतरलो, मोरीवर थांबलो. तू थांबायचास तिथं. तू विचारलं होतंस ना, दुसऱ्या कुणाचं डोकं असतं तर चाललं असतं का न्हाय. त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं, उलटा तुझ्यावरच चिडलो होतो. आता देतो. वेशीपासून मोरीपर्यंत मी हेल्मेट घालून आलो. पारावर बाराजण बसले होते. एकानंसुद्धा मला 'काढ' म्हटलं नाही.